कण्हेर मी कापली, शालन

ये इकडे, शालन. तिथं दारात चपला काढत उभी राहू नकोस, आत ये, माझ्या जवळ बस. आणि बसल्या बसल्या आधी माझी बोलणी खा. अशी जातात का गं माणसं? गॅसवर दूध ठेवून? तुझा महेश अंघोळ करून बाहेर आला तर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळलेलं, आणि तुझी स्वारी खुर्चीत, मान एका बाजूला, मांडीवर निवडायला घेतलेली मेथी. डॉक्टर म्हणाले, त्यांना त्रास झाला नसेल. तुला नसेल झाला. आम्हाला झाला त्याचं काय? माझे गुडघे तुला माहीत आहेत. चौथ्या मजल्यावरून उतरून मी तळमजल्यावर तुझ्या दारात येईपर्यंत तरी थांबायचं. एरवी मी वरून "आले गं" म्हटलं की भाजीची पिशवी घेऊन जिन्याशी अर्धा अर्धा तास उभी राहायचीस, तेव्हा कुठली घाई नव्हती तुला.

आज सतरा दिवस झाले. रडू येतं, नाही असं नाही. कोथिंबिरीची जुडी अर्धी अर्धी करून घ्यायला कोणी उरलं नाही, तेव्हा भाजीवाल्यासमोरच आलं. पण खरं सांगू का? रडण्यापेक्षा मला शिसारी जास्त येते आहे. जेवायला बसले की घास फिरतो तोंडात. सून म्हणते, आई, पित्त झालंय, सोडा घ्या. पित्त नाही गं ते. माणसं बघून होतंय. हे मी तुला लिहितेय, पण आपल्या वर्तकनगरच्या या सोसायटीतल्या लोकांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. खरं तर वाचावंच.

पहिली गोष्ट तुझ्या डोळ्यांदेखत झाली, पण ते मिटलेले होते म्हणून सांगते. तुला खाली कंपाउंडमध्ये ठेवलं होतं, स्कुटरी बाजूला सारून. माणसं हार घेऊन येत होती. तेवढ्यात आपल्या सेक्रेटरीची बायको पुढं झाली. तीच, जी रोज सकाळी फिरायला म्हणून निघते आणि पिशवीत सगळ्या गल्लीतली फुलं भरून आणते, छत्रीच्या मुठीनं फांद्या वाकवते, आणि वर म्हणते, देवालाच तर वाहतेय. तिनं तुझ्या कण्हेरीची फांदी धरली आणि ओढली. कण्हेरीची फांदी काय अशी मोडते? साल सोलत सोलत खाली आली, दोर ओढावा तशी. तरी ओढत राहिली. आणि ती सोललेली, चीक गळणारी फांदी तुझ्या छातीवर ठेवून म्हणाली, "त्यांना फार आवडायची हो कण्हेर."

तुझ्या नव्या साडीवर पांढरा चीक सांडला. हिनं हात कुठं पुसले माहीत आहे? त्याच साडीच्या काठाला.

मी तिला म्हणणार होते, "आवडायची म्हणूनच तर तुझ्याशी रोज भांडायची ती." म्हटलं नाही. आपल्यात म्हणतात ना, मयताच्या दारात वाद नको. हे असले नियम पाळून पाळून मी आयुष्यभर गप्प बसले, आणि त्याचीच मला आता सगळ्यात जास्त घाण वाटते. त्याच्याकडे येतेच मी. पळणार नाही.

आठवतं का गं, ती कण्हेर आली कशी? शहाडची कंपनी बंद झाली तेव्हा बाकीची माणसं शेवटच्या दिवशी घड्याळ, छत्री, डब्याचं कपाट, काय काय घरी घेऊन आली. तुझे यजमान आले ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार काड्या घेऊन. कंपनीच्या गेटवरची गुलाबी कण्हेर. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब. तू एका शब्दानं विचारलं नाहीस, की आता पुढं काय. खालची पानं काढलीस, काड्या पाण्याच्या बाटलीत ठेवल्यास आणि महिनाभर मुळं फुटायची वाट बघत बसलीस. चारातली एक जगली. ती लावायला तू कुठली जागा निवडावी? कंपाउंडच्या भिंतीचा तो कोपरा, जिथं दिवसभर ऊन तापतं आणि जिथं गिलाव्याचं काम करणाऱ्यांनी सगळा राडारोडा टाकला होता. मी वरून ओरडले, "अगं, तिथं गवतसुद्धा उगवत नाही!"

तू मान वर करून म्हणालीस, "तेच तर पायजे आक्का!"

मी कोकणातली. आमच्याकडे काठी रोवली तरी पालवी फुटते, झाडाला खत-पाणी म्हणजे काय हे कोणाला शिकवावं लागत नाही. मी माझ्या भावाकडून शेणखताची गोणी मागवली, खास तुझ्यासाठी. तू ती दुसऱ्या दिवशी चार मजले चढून परत आणून ठेवलीस. "माजंल ती. नुसता पाला वाढंल, फूल दिसायचं न्हाय." खड्ड्यात तू विटांचे तुकडे घातलेस, वाळू घातलीस, आणि माती सर्वांत शेवटी, दया आल्यासारखी. पावसाळ्यात इथं कोसळतं ते पाणी मुळाशी थांबू नये म्हणून कडेनं उतार काढलास. मला वाटलं, ही माणदेशातली बाई, हिला झाडाला पाणी घालायचं म्हणजे चैन वाटते.

वाटायचंच तुला तसं. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठ दिवसांतून एकदा पाणी, तेही मातीत बोट घालून बघितल्यावर. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच. मला बघवायचं नाही. तू दुपारी आडवी झालीस की मी तांदळाचं धुवण घेऊन खाली उतरायची आणि गपचूप ओतायची. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली. एक पिवळं पान हातात धरून तू वर आलीस, चोराला मुद्देमाल दाखवावा तशी माझ्या नाकासमोर धरलंस.

"हे काय?"

"उन्हानं झालं असेल," मी म्हटलं.

"उन्हानं पान करपतं आक्का, पिवळं पडत न्हाय. पिवळं पानी जास्त झाल्यावर हुतं. तांदूळ कोलम हाय का आंबेमोहोर?"

तेव्हा हसलो त्या हसण्यानं माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. पण हे लक्षात ठेव, चूक मी तेव्हाही कबूल केली नव्हती. मी म्हटलं होतं, तुझ्या झाडालाच चांगलं खायची सवय नाही.

मग एकदा डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना माजिवड्याला आपली रिक्षा अडकली. हायवेच्या मधोमध कण्हेरींची रांग, गुलाबी, पांढऱ्या, धुळीनं माखलेल्या, आणि तरी बहरलेल्या. तू माझ्या मांडीवर चापट मारलीस. "बगा, बगा! हिला कोन घालतंय पानी? टँकर आला तर आला. धूर खाऊन फुललीया. आन् तुमी माज्या पोरीला तांदळाचं धुवन पाजता!" रिक्षावाला मागं वळून बघायला लागला, यांची पोरगी आहे तरी कोण.

दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीनं सांगितलं होतं, की हे झाड मुळात भूमध्य समुद्राकडचं, तिथं उन्हाळाभर थेंब पडत नाही, म्हणून त्याला तहान सोसते. तू म्हणालीस, "मग आमच्या माणदेशात काय तिकीट काडून आलं?" पण मनातून तुला ते आवडलं होतं. नंतर सहा महिने तू येईल त्याला सांगत होतीस, लांबनं आलीया, तिला मान द्या. आणि दुसरं सांगायचीस ते विषाचं. इमारतीतल्या एकूण एक पोराला तू उभं करून शिकवलंस. बघायची, तोंडात घालायची नाही. हात लागला तर साबणानं धुवायचा. पान नाही, फूल नाही, काडी नाही. पिवळी ती बिट्टी, तीही विषारीच, पण ही वेगळी. इतकी पोरं त्या झाडाभोवती खेळून मोठी झाली, एकाला काही झालं नाही, कारण तू त्यांना भीती घातली नाहीस, रीत शिकवलीस.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येते. कापणीच्या.

दर माघात तू ती कात्री काढायचीस. हातात दुधाच्या रिकाम्या पिशव्या घालायचीस, मनगटाला रबर लावायचीस, कारण त्या चिकानं तुझ्या कातडीला खाज सुटायची. आणि माणूसभर वाढलेलं ते झाड कमरेपर्यंत आणायचीस. मी वरून बघायची आणि माझा जीव तुटायचा. अगं, टोकाला कळ्या असायच्या एखाद्या फांदीवर! मी एकदा बोलून गेले, "भरल्या कुशीवर कात्री चालवतेस, तुला काही वाटत नाही?" तू पटकन वर बघितलंस. चेहरा लाल. म्हणालीस, "तिला लाजवू नका आक्का. जून काडीला फूल येत न्हाय. नव्या फुटीच्या शेंड्याला येतं. जितं तीन पानं एका ठिकानी फुटत्यात, त्याच्या वर कापलं की एका काडीच्या तीन हुत्यात. न कापता ठेवली तर उंच उंच जाईल, बुडाला उघडी पडंल, आन् वर चार फुलं घेऊन उभी ऱ्हाईल, म्हातारीच्या अंबाड्यावानी."

दर वर्षी हेच भांडण. दर वर्षी चैत्र-वैशाखात झाड गुलाबी होऊन माझ्या तोंडावर मारल्यासारखं फुलायचं. आणि दर वर्षी मी म्हणायची, न कापताही फुललंच असतं.

आणि कापलेल्या फांद्यांचं तुझं ते सोवळं! गुरांच्या तोंडी लागतील असं टाकायचं नाही, चुलीत घालायचं नाही. "ह्याचा धूरबी वाईट. आमच्यात काडी न् काडी पुरून टाकायची." फांद्यांची मोळी जुन्या साडीत बांधून तू पाण्याच्या टाकीमागं ठेवायचीस आणि पालिकेच्या पाल्यापाचोळ्याच्या गाडीची वाट बघायचीस.

गेल्या वर्षी ती गाडी पंधरवडाभर आलीच नाही. आणि मध्ये होळी आली.

तो दिवस मी कुणापाशी बोलले नाही. तुझ्यापाशीही नाही. आता बोलते.

दुपारचे चार वाजले असतील. सोसायटीची होळी रचायला घेतली होती, मोडकी खुर्ची, फळ्या, एरंड मध्ये उभा. कमी पडतंय म्हणून कोणीतरी टाकीमागची मोळी ओढून आणली, साडी सोडली आणि कण्हेरीच्या फांद्या रचल्या गोलाकार, छान, वाळलेल्या. तू बाहेर आलीस ती पीठ भरल्या हातांनी. पुरणपोळ्या लाटत होतीस. सरळ गेलीस आणि म्हणालीस, "ह्या काढा. ह्याचा धूर पोरांच्या नाकात जाईल."

सेक्रेटरी म्हणाला, "ताई, वर्षाचा सण आहे. थोड्या धुरानं काय होतं? उघड्यावरच तर आहे."

"मग तुमी काढू नका. मी काढते."

"होळीत घातलेलं लाकूड परत काढत नाहीत. अशुभ असतं."

आणि तू त्या ढिगावर जाऊन बसलीस. खरोखरची बसलीस, मांडी घालून, एरंडाला पाठ टेकून. म्हणालीस, "आता पेटवा."

हसले गं सगळे आधी. मग चिडले. पाच वाजले, साडेपाच. बायका नैवेद्याची ताटं घेऊन उभ्या. आणि कोणी सुरू केलं कोण जाणे, होळीला मारतात तशी बोंब मारली, तोंडावर हात आपटत. "शालनच्या बैलाला घोऽऽ!" एकानं मारली तशी दहांनी मारली. होळीला सगळं चालतं ना आपल्यात! त्या दिवशी कुणाचंही नाव घेऊन बोंबललं तर वाईट वाटून घ्यायचं नाही, अशी रीत. तर त्या रीतीची गोधडी पांघरून सगळी सोसायटी तुझ्या नावानं ओरडत होती, आणि तू खाली मान घालून बुडाखालची एकेक काडी ओढून बाजूला ठेवत होतीस. उघड्या हातांनी. दुधाच्या पिशव्या घालायला तुला कुणी वेळच दिला नाही.

शालन, मी पण मारली बोंब.

वर बघत नव्हतीस म्हणून तुला वाटलं असेल, आक्का घरात आहे. मी घरात नव्हते. मी जिन्याशी उभी होते, ताट डाव्या हातात आणि उजवा हात तोंडावर. का मारली? सगळे मारत होते म्हणून. गंमत वाटली म्हणून. आणि मनात कुठंतरी, बरी जिरली हिची, दर वर्षी माझं ऐकत नाही, असंही होतं. एकदाच मारली. पण एकदा म्हणजे मारलीच ना. आता हे लिहिताना तो हात माझ्या तोंडाशी आहे असं वाटतं.

सगळ्या काड्या काढून झाल्यावर तू उठलीस, साडी झटकलीस, फांद्या कवेत घेतल्यास आणि घरात गेलीस. होळी पेटली. धूर साधा लाकडाचा होता, शेणीचा होता. नातवंडं भोवती नाचली, खोकली नाहीत, डोळे चोळले नाहीत. कुणाच्या लक्षातही आलं नाही, की काय व्हायचं टळलं ते. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर तुझं नाव "विषारी ताई" पडलं होतं. हसण्याची चित्रं टाकली होती खाली. माझ्या सुनेनं दाखवलं मला. मी चष्मा नाही म्हणून सांगितलं.

तुझे हात कोपरापर्यंत फुटले होते. अकरा दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस, का मीच खाली आले नाही, आता सांगता यायचं नाही. मग एक दिवस तूच आलीस. "आक्का, कुकरची रिंग हाय का जास्तीची?" मी दिली. संपलं. तुला वाटलं असेल, हिला काही माहीत नाही. का माहीत होतं तुला, आणि तरी आलीस? हे एक मला विचारायचं राहिलं. गेलं वर्षभर रोज संध्याकाळी आपण त्या कट्ट्यावर बसलो, तुझ्या त्या कण्हेरीवरची पिवळ्या माव्याची कीड साबणाच्या पाण्यानं धुवायला मी बादली धरली, आणि रोज वाटायचं, आज विचारू. रोज दुसरंच काही बोलून उठायची.

आता पुढचं ऐक, आणि संतापू नकोस.

तुझा दहावा दिवससुद्धा व्हायचा होता. रविवारी चारला सोसायटीच्या ऑफिसात शोकसभा ठेवली. मी गेले. तुझा फोटो टेबलावर, त्याला हार. सेक्रेटरीनं कागद वाचला. पर्यावरणप्रेमी. वृक्षमित्र. सोसायटीचा आधारवड. मी आजूबाजूला बघत होते, की कुणाला हसू येतं का. नाही गं. सगळे मान हलवत होते. जे ग्रुपवर हसले होते, त्यांनी डोळे पुसले. खरं पाणी होतं डोळ्यांत! माणूस मेला की त्याच्याशी केलेलं सगळं असं धुऊन निघतं का? मग अंघोळ त्याला कशाला घालतात, यांनाच घालायला हवी.

दोन मिनिटं शांतता झाली. नंतर वेफर्स आणि चहा. आणि चहा पिता पिता सेक्रेटरी म्हणाला, सगळे जमलेच आहेत तर दुसरा विषयही घेऊन टाकू. त्याच कागदावर होता गं, खाली! वरच्या ओळीत श्रद्धांजली आणि त्याच्या खाली "कंपाउंडमधील विषारी झाड काढून दुचाकींसाठी जागा करणे". एकाच पानावर. दुसरं पान घ्यायचीसुद्धा लाज वाटली नाही.

"आता बघायला कोणी नाही," तो म्हणाला, "आणि मुलांना धोका आहे. ताईंच्या भावना होत्या म्हणून इतके दिवस थांबलो."

महेश बोलणार काय, मुंडण व्हायचं होतं पोराचं, तोंड सुकलेलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "होळी पण आलीच आहे. लाकडाचा प्रश्न सुटला."

शालन, मी उभी राहिले. गुडघा धरून राहिले, पण राहिले.

म्हटलं, "ज्या बाईनं तुमच्या पोरांना तो धूर लागू दिला नाही, तिचं तेरावं व्हायच्या आत तिचंच झाड होळीत घालताय? धोका म्हणून काढताय आणि तेच जाळून पोरांना हुंगवताय?"

"काकू, भावनिक होऊ नका."

"भावनिक नाही झाले. किळस आली आहे मला तुमची." आणि मग माझ्याच तोंडून निघालं, मी ठरवलं नव्हतं, "आणि माझी पण. गेल्या होळीला तिच्या नावानं बोंब मारणाऱ्यांत मी होते. तुम्ही सगळे होतात. तो कागद वाचायचा तर तेही लिहा त्यात."

सेक्रेटरीची बायको पदराला हात पुसत बसली, चीक लागल्यासारखी. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, पण झाड फाटकापर्यंत आलंय, होळीच्या आत कापून त्याच्या फांद्या इथून हलवल्या पाहिजेत, नाहीतर मुळासकट काढू. आणि देखभाल कोण करणार ते लेखी पाहिजे. मी म्हटलं, आण कागद. माझं नाव घाल. सही मी केली. अक्षर वाकडं आलं, पण पूर्ण नाव लिहिलं.

म्हणजे बघ, जिला आयुष्यभर कात्रीचा राग, तिच्याच हातात कात्री आली.

तुझं तेरावं झाल्यावर महेशनं माळ्यावरून ती काढून दिली. धार करून आणली त्यानं. परवा सकाळी मी हातात दुधाच्या पिशव्या घातल्या, रबर लावले आणि झाडासमोर उभी राहिले. अर्धा तास नुसती उभी. कुठं कापायचं? तीन पानं एका ठिकाणी फुटतात तिथं, जरा वर. दिसतात गं, नीट बघितलं की दिसतात. इतकी वर्षं मी वरून बघत होते, वरून ती दिसतच नाहीत. सेक्रेटरीच्या बायकोनं सोललेली जी फांदी होती, ती आधी काढली, पार शाबूत लाकडापर्यंत. मग बाकीच्या. महेश फांद्या गोण्यांत भरत होता. टाकीमागं नाही ठेवल्या. विश्वास उडालाय माझा. तीन गोण्या माझ्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत दोन दिवस होत्या, सून नाकाला पदर लावून फिरत होती, आणि आज गाडी आली तेव्हा मी स्वतः खाली उभं राहून त्या चढवून दिल्या, गाडी वळेपर्यंत बघत राहिले.

पण आता खरी अडचण ऐक. सगळं झाड तुझ्या मापानं कमरेपर्यंत आणलं, एक फांदी सोडून. भिंतीकडची. तिच्या टोकाला कळ्या आहेत, सात-आठ, घट्ट, लाल टोकाच्या. मी तीनदा कात्री लावली आणि तीनदा काढली. मला माहीत आहे तू काय म्हणशील. झाडाचा तोल जाईल, सगळा जोर तिकडंच जाईल, बाकीची फूट मागं पडेल. महेश म्हणतो, काकू, आई असती तर कापली असती. मी त्याला म्हटलं, असती तर मी तिच्याशी भांडले असते, आता एकटीनं कशी भांडू? तर ती फांदी आज अशी उभी आहे, कापलेल्या सगळ्या झाडात एकटीच उंच, आणि येणारा-जाणारा विचारतो, हे काय अर्धवट?

मी कुणाला उत्तर देत नाही. ते तुझं माझं आहे.

तेव्हा तू ये. त्या होळीचं जे विचारायचं राहिलं तेही समोर बसून विचारीन, तू हवं ते बोल, मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही. मग आपण दोघी खाली जाऊ आणि ती फांदी ठेवायची का कापायची ते भांडून ठरवू. दुपारी ये, जेवणं झाल्यावर, तेव्हा कंपाउंडात कोणी नसतं. फक्त उशीर करू नकोस गं. कळ्या फुगायला लागल्यात. उमलल्या तर माझ्यानं मग ती कापवणार नाही.